राजय्या मास्तरांचं गारूम

तमाम सोलापूरकरांना अत्यंत गांभीर्याने आणि पूर्ण जबाबदारीने कळवण्यात येते की, रोमन साम्राज्य एका उन्हाळ्यापुरते जुळे सोलापूर या उपनगरात, आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या दक्षिण बाजूस नांदून गेले. सम्राट हजर नव्हते. सेनापती, रथ, घोडे यांपैकी कोणीही जिना चढून वर आले नाही. सगळा कारभार चिनी मातीच्या एका उंच बरणीत चालला होता आणि बरणीच्या तोंडावर पांढऱ्या टॉवेलचा तुकडा सुतळीने बांधलेला होता. त्या दिवसांत आमच्या जिन्यात ज्यांनी ज्यांनी नाकाला रुमाल लावला, त्यांनी साक्षात इतिहासाला रुमाल लावला, हे त्यांच्या कानावर घालणे माझे कर्तव्य आहे.

या साम्राज्याचे संस्थापक राजय्या मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्याचा जो मुख्य माणूस असतो, त्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात. कुठल्या रंगात किती मीठ, किती सोडा, किती आच, किती वेळ, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं आणि त्याने मान हलवल्याशिवाय सूत हौदाबाहेर येत नाही. राजय्या मास्तर अशी मान चाळीस वर्षं हलवून निवृत्त झाले आणि पत्नीसह आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले.

जन्म रंगात गेला, पण अंगावर कायम पांढरं. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, त्यावर कधी चहाचा थेंबसुद्धा नाही. माणसांची नावं ते विसरत, रंग कधीच नाही. मला ते पहिल्या दिवसापासून ‘शेजारी’ म्हणत आले, माझं नाव विचारायची त्यांना कधी गरज वाटली नाही. पण माझ्या स्कूटरचा निळा ‘दोन धुण्यांत उतरलेला’ आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

खिशात कारखान्यातलं जुनं शेडकार्ड असायचं. पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवलेले रंगीत धागे आणि प्रत्येकाखाली नंबर. एकदा आंब्याच्या गाड्यावर त्यांनी एक आंबा उचलला, शेडकार्डाशेजारी धरला, उन्हात फिरवून पाहिला आणि परत ठेवत म्हणाले, “अजून एक डुबकी कमी आहे.”

गाडेवाला म्हणाला, “काका, आंबा घ्यायचाय का साडी?”

मास्तरांचं जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल एकच मत होतं: “आधी धुलाई, मग रंग.” सुतातलं तेल, मळ, खळ निघाल्याशिवाय रंग धरत नाही, हा त्यांचा धर्म. नवा भाडेकरू आला, सोसायटीत भांडण झालं, कुणाचं लग्न ठरलं, तरी मास्तर हेच वाक्य म्हणत आणि आश्चर्य म्हणजे ते प्रत्येक वेळी लागू पडे. एकदाच पडलं नाही. तेच सांगतोय.

पण त्याआधी मास्तरांच्या नाकाबद्दल सांगायला हवं. नाक दिसायला भरदार, सरळ, फोटोत छान येणारं. उपयोग शून्य. रंगखात्याच्या वाफेत वर्षानुवर्षं उभं राहून अकरा वर्षांपूर्वी त्यांची वासाची जाणीव कायमची गेली होती. डॉक्टर म्हणाले, “नाक गेलं. जीभ शाबूत आहे.” मास्तरांनी ते कारखान्याच्या अहवालासारखं ऐकून घेतलं. एकदा गॅस चालू राहिला तेव्हा सगळा जिना ओरडत वर धावला, तर मास्तर स्वयंपाकघराच्या दारात पेपर वाचत बसलेले. वर आम्हालाच म्हणाले, “बसा, चहा टाकू?”

याचा खरा त्रास झाला तो त्यांच्या पत्नीला, नरसूमावशींना. मावशींच्या हाताला अशी चव की खालच्या मजल्यावर आम्ही फोडणीच्या आवाजावर जेवायला बसत असू. आणि मास्तर? दोन भाकरी, एक वाटी आमटी, पाणी, हात धुतले. सणाला पुरणपोळी असो नाहीतर एकादशीची भगर. “कसं झालंय?” असं मावशी विचारायच्या. मास्तर म्हणायचे, “बरं आहे.” जीभ शाबूत असली तरी नुसत्या जिभेला घास अर्धाच कळतो. खारट कळे, तिखट झोंबे, बाकी सगळं भिजलेल्या सुतासारखं. अकरा वर्षांत त्या माणसाने पानावर ‘आणखी वाढ’ म्हटलं नव्हतं. मावशींनी पुढे विचारणं सोडून दिलं. मला एकदाच म्हणाल्या, “भांड्याला वाढल्यासारखं वाढते बघा मी.”

आता तेर. सोलापूरहून तासा-दीड तासावरचं गाव. गोरोबाकाकांच्या दर्शनाला म्हणून मी मास्तरांना आणि मावशींना गाडीत घालून नेलं होतं. दर्शन झालं, ऊन चढायला वेळ होता, म्हणून तिथल्या वस्तुसंग्रहालयात शिरलो. मास्तर एका काचेपुढे थांबले. आत मातीच्या जाड तुकड्यांची रांग आणि एक लांब कान, हंड्याचा असावा तसा. तिथला माणूस उत्साही होता. म्हणाला, “हे परदेशी हंडे, काका. रोमकडचा माल तेरला यायचा. ह्यात बहुतेक दारू असंल. पण असल्या हंड्यांतनं ते लोक तेलबी पाठवायचे आन मासळीचं पाणीबी.”

“मासळीचं पाणी? कशाला?”

“सगळ्यात घालायला. डाळीत, भाजीत, मटणात. मासे आन मीठ उन्हात ठेवायचे दोन-दोन, तीन-तीन महिने. पाक निघतो. गारूम म्हणायचे. त्याच्याबिगर त्यांना घास जात नव्हता. पण करताना वास असला सुटायचा म्हणे, की गावात करू देत नव्हते. वेशीबाहेर जावा म्हणायचे.”

मास्तर काचेला नाक टेकवून उभे होते. “वेशीबाहेर? किती वास?”

“आता मी काय तितं होतो का काका?”

परतताना वैराग गाव मागे पडलं. मग एकदम मागच्या सीटवरून पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणाले, “शेजारी, जो वास गावाबाहेर काढावा लागतो, तो माझ्या नाकात शिरंल की नाही?”

मी आरशात पाहिलं. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांनी ऐकलं होतं.

“मीठ आहे,” मास्तर बोटांवर मोजत होते, “मासळी उजनीची येते. आणि ऊन? ऊन तर देवानं सोलापूरला पळीनं नाही, घागरीनं वाढलंय की!”

घाई होती त्याला कारण होतं. त्यांचा मुलगा सुरतेला होता आणि त्याने दोघांना तिकडे बोलावून घेतलं होतं. जूनअखेर इथलं घर सोडायचं ठरलं होतं. मुलाचा फ्लॅट नवव्या मजल्यावर, गच्चीला कुलूप. म्हणजे मास्तरांच्या हातात सोलापूरचा एकच उन्हाळा होता.

मासळी बाजारात भामाबाई बसायची. माहेर करमाळ्याकडचं, उजनीच्या पाण्याकाठचं. भाऊ टेम्पोत टोपल्या भरून पाठवायचा आणि ही इथे पाटावर विळी मांडून बसायची. मास्तरांनी तिच्याकडून चिलापी आणि बारकी मासळी घेतली, घरी आणली आणि काय केलं? धुलाई! सात पाण्यांनी धुतली. पोटं उघडून आतलं सगळं काढून फेकलं. पुन्हा धुतली. शेवटचं पाणी पेल्यात घेऊन उजेडाकडे धरलं, काचेसारखं स्वच्छ. मग ‘मालाच्या वजनावर’ हिशेबाने मीठ, एक थर मासा, एक थर मीठ, वर टॉवेलचा तुकडा. मला म्हणाले, “रोमवाल्यांनीसुद्धा एवढा स्वच्छ माल पाहिला नसंल.”

रोज दुपारी बरोबर दोनला मास्तर गच्चीवर जात. मार्चमध्ये दोन वाजता सोलापूरच्या गच्चीवर जायला एक तर रंगखात्याचा माणूस लागतो, नाहीतर वेडा. लांब बांबूने ते बरणी ढवळत, पांढऱ्या टॉवेलची एक पट्टी आत बुडवत, वाळवत, वहीत टाचत आणि खाली तारीख घालत. रंगाची प्रगती. मी महिन्याने वही पाहिली. पट्टी पांढरी. पांढरी. पांढरी. पुढचं पान, पांढरी.

बरणी उघडली. आत मासे जसेच्या तसे, आत्ताच आंघोळ करून पडल्यासारखे. पाक नाही, वास नाही, काही नाही.

शेवटी भामाबाईला रिक्षात घालून आणलं. तिने बरणीत डोकावलं, पदर तोंडाला लावला आणि हसू लागली. हसता हसता टाकीला टेकली.

“मास्तर, आतडी कुटं हायती?”

“काढली की. घाण होती ती.”

“अवो, मासा पोटातनं विरघळतो! उनात इसरलेला मासा बघितला न्हाय व्हय कदी? पयलं पोट फुटतंय. ती घाणच समदं काम करती. तुमी तिलाच हाकलून दिली, आता कोण इरघळवणार ह्यास्नी? तुमी?”

मास्तर पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसले. चाळीस वर्षांचा धर्म बुडाला होता. मग खिशातून पेन काढलं आणि वहीत पांढऱ्या पट्ट्यांखाली लिहिलं: ‘चूक माझी. मळ समजून कामगारच काढले.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा भामाबाईसमोर. या वेळी रिकामा डबा घेऊन. विळीखाली जे जे पडत होतं, कल्ले, आतडी, सगळं त्यांनी डब्यात मागून घेतलं. भामाबाई बाजारभर ऐकू जाईल असं म्हणाली, “लोकं मासा नेत्यात आन घाण हितं टाकत्यात. मास्तर घाण नेत्यात. आता मासा कुटं ठिऊ मी?”

“मासासुद्धा दे,” मास्तर म्हणाले. “न धुता.”

‘न धुता’ म्हणताना त्यांचा आवाज जरा कापला, हे मी शेजारी उभा राहून ऐकलं.

आणि मग मंडळी, गच्ची जागी झाली! आठ दिवसांत पट्टी राखाडी झाली. मग मातकट. मग तपकिरी. बरणीतून बुडबुड आवाज यायला लागला. वास तर असा सुटला की चौथ्या मजल्यावरची मांजरं घर बदलून गच्चीच्या जिन्यात राहायला आली. मास्तर प्रत्येकाला विचारत, “येतोय?” लोक नाक धरून माना डोलावत. मास्तर बरणीवर वाकून एवढा मोठा श्वास घेत, थांबत, सरळ होत आणि बांबू पुन्हा हातात घेत. ते मला ‘नाही’ म्हणत नसत. नुसते ढवळत.

मे महिन्यात सोसायटीची तातडीची सभा पार्किंगमध्ये भरली. सेक्रेटरी बिराजदार साहेब, मूळचे अक्कलकोटकडचे. घरात अंड्याचं नावसुद्धा मोठ्याने घेत नाहीत. त्यांनी घसा साफ केला.

“मास्तर, तुम्हाला वास येत नाही, आम्हाला मान्य. पण आम्हाला येतोय हो! आमची मंडळी पापड घालायला वर जाईनात. बरणी उद्या खाली पाहिजे.”

मास्तर रागावतील, विनवण्या करतील असं सगळ्यांना वाटलं. मास्तरांनी वही काढली. चेहरा असा उजळला जणू सत्काराला बोलावलंय.

“कसा येतो? नीट सांगा. एकेक जण.”

“कुजका!” पहिल्या मजल्यावरच्या टीचर म्हणाल्या.

“आज? का गेल्या महिन्यात?”

टीचर थबकल्या. “गेल्या महिन्यात कुजका. आता... ओल्या पोत्यासारखा.”

“छे छे, पोतं नाही,” मागून कोणी तरी म्हणालं, “नव्या चपलेसारखा.”

“चप्पल? तुमचं नाक तपासून घ्या!”

झालं. पार्किंगमध्ये पंधरा माणसं एका वासावरून हमरीतुमरीवर आली आणि मास्तर भराभर लिहून घेत होते. बिराजदार साहेब तेवढे या भांडणात नव्हते. मास्तरांनी पेन त्यांच्याकडे रोखलं. “साहेब, तुम्ही?”

“आम्हाला ह्यातलं काय कळतंय,” साहेब म्हणाले. मग राहवेना. “आठ दिवसांपूर्वी झोंबत होता. परवापासून झोंबत नाही. खरपूस झालाय. तव्यावर शेंगा भाजताना येतो बघा, थोडा तसा. आणि त्याच्यामागं... मीठ.”

बिराजदार वहिनींनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू तो इतकी वर्षं दुसरीकडे जेवत होता.

मास्तर उठले आणि त्यांनी साहेबांचे दोन्ही हात हातात घेतले. “साहेब, चाळीस वर्षं रंगखात्यात मी असा माणूस शोधत होतो!”

ठराव झाला: बरणीला पंधरा दिवस मुदत. त्या पंधरा दिवसांत सेक्रेटरी साहेबांना पाण्याची टाकी तपासायची भलतीच हौस आली. दर दोन दिवसांनी वर जात आणि उतरताना मास्तरांच्या दारात हळूच सांगत, “शेंगा वाढल्यात.” किंवा, “आज जरा गुळासारखं काहीतरी आहे हो.” मास्तर लिहून घेत. ते सगळं त्यांना वहीत वाचायला मिळत होतं. नाकात काहीच येत नव्हतं.

गाळायचा दिवस आला. कपाटातून मास्तरांनी एक टॉवेल काढला. निवृत्तीच्या दिवशी मागावरून उतरवलेला, न रंगवलेला, एकदाही न वापरलेला. “हा कशासाठी ठेवलाय ते मलाच माहीत नव्हतं,” म्हणाले. बरणीचा ऐवज त्यात ओतला, चारी कोपरे बांधून टाकीच्या नळाला टांगला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत थेंब थेंब. काचेच्या बाटलीत जे उतरलं, ते मी उजेडाकडे धरलं. कोऱ्या चहासारखं, त्याहून तेजस्वी, पलीकडचं ऊन दिसेल इतकं नितळ. मास्तरांनी शेडकार्ड काढलं, धाग्यांवरून बोट फिरवत गेले आणि एका धाग्यावर थांबले.

“हा रंग आम्हाला कधीच जमला नाही,” म्हणाले. “प्रत्येक वेळी लाल व्हायचा.”

चवीचा समारंभ त्यांच्या हॉलमध्ये झाला. भामाबाई आली होती. बिराजदार साहेब ‘नुसतं बघायला’ उंबऱ्याबाहेर उभे होते. नरसूमावशी स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून. त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, “हे पाणी माझ्या चुलीजवळ येणार नाही. आलं तर मी सुरतेला येणार नाही.”

मास्तरांनी चमचा भरला. नाकाशी धरला. डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या नाकपुड्यांकडे बघत होतो, जणू तिथे आता काही उगवणार आहे. एक श्वास. दुसरा. तिसरा. मग त्यांनी चमचा तोंडात घातला.

“खारट,” म्हणाले.

“वास?” मी विचारलं.

“नाही.”

झाकण लावलं. चमचा स्वतः धुतला. बाहेर बघून म्हणाले, “साहेब, तुमच्या नाकाला लागला ना? मग माल पास आहे.” आणि ते हसले, पण न रंगवलेल्या सुतासारखं, पांढरं.

भामाबाईला ते बघवेना. “मास्तर, मीठ कोन चमच्यानं खातंय का? त्यो म्युझियमवाला काय म्हणला हुता? कशात तरी घाला की!”

मास्तरांचं लक्ष नव्हतं. ते शेडकार्ड खिशात ठेवत होते. पण स्वयंपाकघराच्या दारात मावशींच्या हाताची घडी सुटलेली मी पाहिली.

मग शेवटचा दिवस. दुपारी टेम्पो येणार होता. खोकी बांधायला मी वर होतो. मावशी म्हणाल्या, “जेवून जावा, ह्या घरातलं शेवटचं.” येसर आमटी होती, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आणि कडक भाकरी. मास्तर पाटावर बसले. मी त्यांच्या समोर, स्वयंपाकघर दिसेल असा.

मावशी आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी बांधलेल्या खोक्याची सुतळी सोडली, आतून बाटली काढली, मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि डोळे वटारले. मी भाकरीकडे बघू लागलो. पातेल्यात एक चमचा गेला. दुसरा गेला. जरा थांबून तिसरा. ढवळलं. बाटली पुन्हा खोक्यात.

तेवढ्यात गच्चीची किल्ली परत घ्यायला बिराजदार साहेब दारात आले. त्यांचं नाक एकदम वर झालं, तोंड उघडलं. मी तिथूनच हात जोडले. साहेबांनी तोंड मिटलं.

मास्तरांनी भाकरी चुरली, वर आमटी घेतली. पहिला घास. हात पानावरच थांबला. त्यांनी वाटी उचलून उजेडाकडे धरली, रंग पाहिला. रंग रोजचाच. दुसरा घास. तिसरा. मग मास्तर जे जेवू लागले, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा थेंब पडला, त्यांनी पुसला नाही. वाटी तोंडाला लावली. रिकामी केली. कडेने बोट फिरवून तेही चाटलं. वास आला का, कशाचा आला, ते मला आजही माहीत नाही. नुसती वाटी पुढे सरकवली.

“नरसू, आणखी वाढ की.”

मावशींचा पळीचा हात हवेतच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दारातल्या साहेबांकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या वाटीकडे. डोळ्यांत पाणी आणि आवाजात अकरा वर्षांचा राग, दोन्ही एकदम आलं आणि शेजारीपाजारी, टेम्पोवाला, कुणाचीही पर्वा न करता त्या ओरडल्या:

“अय्यो, म्हणजे इतकी वर्षं उपाशीच जेवत होता का हो तुमी?”